देवस्थळींची कंबर

आमच्या कोलकात्याच्या मराठी मंडळात श्यामसुंदर देवस्थळींच्या कंबरेला जेवढा मान मिळाला, तेवढा त्यांना स्वतःला कधी मिळाला नाही. दहा महिने आम्ही सगळे त्या कंबरेच्या सेवेत होतो. कुणी पट्टा आणून दिला, कुणी फळीवर झोपायला सांगितलं. त्यांच्या ऑफिसातल्या बंगाली मंडळींनी होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची बाटली हातात ठेवली. ती इथे घरोघरी असतेच. निर्गुंडीचं तेल देणारी मी. दुसऱ्याचं दुखणं ऐकलं की माझी जीभ स्वस्थ बसत नाही. आमचे अविनाश म्हणतात, रजनी, तुझ्यासमोर शिंकायचीही सोय नाही. म्हणू देत. मंडळाचं स्वयंपाकघर वीस वर्षं सांभाळलंय, तेवढा हक्क आहे माझा.

देवस्थळी अडीच वर्षांपूर्वी नाशिकहून बदलीवर आले. एका सरकारी विमा कंपनीत अधिकारी, वय एक्कावन्न. बढती हवी तर कोलकाता, असा मामला होता. बायको वृंदा तिकडे शाळेत शिक्षिका, मुलगा अथर्व दहावीत जाणार, त्यामुळे हे एकटेच आले आणि टॉलीगंजला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहू लागले. पहिल्या वर्षी त्यांचा उत्साह बघण्यासारखा होता. वाढायला सगळ्यांत पुढे, आरतीला सगळ्यांत वरचा आवाज, आणि कोबी इतका बारीक चिरायचे की माझ्या हाताखालच्या बायकांनी त्यांना आपल्यातच घेऊन टाकलं. मग कंबर आली आणि हे सगळं बंद झालं.

ती कशी आली हे मला फार उशिरा कळलं. गेल्या दिवाळीला घरी जाऊन आले, आणि परतल्यावर तिसऱ्या सकाळी त्यांना पलंगावरून उठता येईना. ताप नव्हता, रडू येत नव्हतं. "पाय खाली ठेवायचे एवढंच काम होतं, रजनीताई, आणि तेवढंही होईना," असं ते मला म्हणाले. अकराच्या सुमारास ऑफिसातून फोन आला. काहीतरी सांगणं भाग होतं. तोंडातून निघून गेलं, कंबर धरलीय. पलीकडचा माणूस लगेच हळहळला आणि म्हणाला, दोन दिवस विश्रांती घ्या. इतकं सोपं होतं ते. कंबर सगळ्यांना कळते.

त्यानंतर असे दिवस येत राहिले आणि दर वेळी कंबर कामाला आली. दोन महिन्यांनी त्यांनी डॉक्टर गाठला, तोही बराकपूरला. टॉलीगंजहून मेट्रो, मग सियालदाहून पाऊण तासाची गाडी, कारण शहरात मानसोपचाराची पाटी असलेल्या दारातून बाहेर पडताना कुणी ओळखीचं भेटलं तर? डॉक्टरांनी नैराश्य म्हणून स्पष्ट सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि एक अट घातली. घरच्या एका तरी माणसाला हे सांगायचं. दर खेपेला ते विचारायचे, "सांगितलं?" दर खेपेला हे म्हणायचे, पुढच्या आठवड्यात. वृंदा एकटीने शाळा, घर, सासूबाई आणि बारावीचा मुलगा सांभाळतेय, त्यात आपली भर कशाला, असा त्यांचा हिशोब. मला विचाराल तर पुरुषांना असले हिशोब करायला कोण शिकवतं कोण जाणे.

रोज साडेआठला वृंदाचा व्हिडिओ कॉल यायचा. आठ वाजता हे उठून तोंड धुवायचे, इस्त्रीचा शर्ट चढवायचे, ट्यूबलाइटखाली खुर्ची ओढायचे. आज काय खाल्लं, मेट्रोत काय गंमत झाली, ऑफिसात कोण काय म्हणालं, असं काहीबाही आधीच जुळवून ठेवायचे. कधी कधी दिवसभर काहीच खाल्लेलं नसायचं, मेट्रोत पाऊल टाकलेलं नसायचं. कॉल दहा-पंधरा मिनिटं चालायचा. मग शर्ट काढून परत आडवे. मधे दोनदा नाशिकला जाऊन आले, तेही चार-चार दिवस अवसान आणून. हे ऐकल्यापासून मला कुणाच्या "मजेत" या उत्तरावर भरवसा उरलेला नाही.

यंदाच्या गणपतीत मी जे केलं त्याची मला लाज वाटते, म्हणून ते नीट सांगते.

आमच्याकडे महाप्रसादाची पंगत अजून जमिनीवर बसते. न्यू टाउनच्या आयटी कंपन्यांतली पोरंसुद्धा जीन्स घालून मांडी ठोकतात. त्या रविवारी देवस्थळी आले ते मी दारातच पाहिलं आणि मला माझी व्यवस्था सुचली. भिंतीशी एक खुर्ची लावली, समोर स्टूल, त्यावर ताट. "तुम्ही खाली बसायचं नाही हं," असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं. ते "नको हो, बसतो मी खाली" म्हणाले. पण माझ्यापुढे कुणाचं चाललंय! सव्वाशे माणसं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून जेवत होती, आग्रह चालला होता, मठ्ठ्यावरून थट्टा चालली होती, आणि हे एकटे वरून सगळ्यांचे भांग बघत होते. येणारा-जाणारा वाकून विचारायचा, "काय म्हणतेय कंबर?" आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जायचा. शेजारी बसून एक घास घ्यायला जागाच नव्हती ना! ती मीच ठेवली नव्हती. अर्धं ताट टाकून ते निघून गेले. मला वाटलं, कळ आली असणार.

सोमवारी दुपारी मी मंडळाच्या यादीतून घरचा म्हणून दिलेला वृंदाचा नंबर शोधला आणि तिला झापायच्या तयारीनेच फोन लावला. "अगं, नवऱ्याची कंबर दहा महिने धरलीय, जरा येऊन बघशील की नाही?"

ती म्हणाली, "कसली कंबर?"

मी काहीतरी सारवासारव करून फोन ठेवला.

मंगळवारी संध्याकाळी दारावरची बेल वाजली. दारात देवस्थळी, चुरगळलेला शर्ट, वाढलेली दाढी. या माणसाचा चढलेला आवाज मी तोवर ऐकला नव्हता. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं तिला फोन करायला?" मी म्हटलं, आत या. ते आत आले आणि सोफ्याच्या कडेवर टेकले. सोमवारपासून वृंदाचे सतरा फोन येऊन गेले होते. त्यांनी "ठीक आहे, उद्या बोलतो" एवढा मेसेज टाकला आणि एकही फोन उचलला नाही. मग तिथेच बसून त्यांनी मला सगळं सांगितलं, पलंग, बराकपूर, गोळ्या, शर्ट, सगळं. आणि शेवटी म्हणाले, "आता दोनच रस्ते आहेत. तिला म्हणायचं, हो, कंबर आहे, तुला काळजी नको म्हणून बोललो नाही. ती रागावेल आणि विसरून जाईल. नाहीतर खरं सांगायचं. आज कंबर म्हटलं ना, तर मग मी कधीच सांगणार नाही. ते मला माहीत आहे."

माझ्याकडे प्रत्येक दुखण्यावर काहीतरी असतं. तेव्हा काहीच नव्हतं. मी चहासुद्धा विचारला नाही.

तेवढ्यात फोन वाजायला लागला. वृंदाच होती. अगदी शेवटच्या रिंगला त्यांनी तो उचलला, आणि टीपॉयवर ठेवून स्पीकर लावला. मी उठायला लागले तर हातानेच म्हणाले, बसा.

"अहो, कंबरेचं काय ते?"

देवस्थळींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"कंबरेला काही झालेलं नाहीये, वृंदा," ते म्हणाले. मग आजाराचं नाव सांगितलं. डॉक्टर सांगितला. गोळ्या चालू आहेत म्हणाले. प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते, जणू पुढचं वाक्य शेजारच्या खोलीतून आणायचं होतं.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बंद केला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"दहा महिने?" वृंदाचा आवाज फाटला. "अहो, मग मी रोज साडेआठला बोलत होते कुणाशी?"

मला वाटलं, आता ती फोन ठेवणार, आणि या सगळ्याला कारण मी. पण ती म्हणाली, "आता एक तरी खरं सांगा मला. काहीही."

त्यांनी दाढीवरून हात फिरवला.

"दोन दिवस अंघोळ केलेली नाही मी," ते म्हणाले.

मी तोंडावर पदर धरला.

"बरं," वृंदा म्हणाली. "अजून?"