अजून एक वर्ष

"अजून एक वर्ष द्या. एकच." असं म्हणून मास्तर उजव्या हाताचं एक बोट वर करायचे, आणि समोरचा बाप हो म्हणेपर्यंत ते बोट खाली यायचं नाही. आमच्या पूर्णगडात त्या बोटाची थट्टा व्हायची. पंगतीत कुणी पुन्हा भात मागितला की वाढणारा म्हणायचा, "घे बाबा, मास्तरांचं एक वर्ष घे." मास्तरांचं एक वर्ष एकावर कधी थांबत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

तिसाव्या सालाच्या आगेमागेची गोष्ट. शाळेसमोर माझं दुकान होतं. गिऱ्हाईक कमी आणि समोरची मजा जास्त, असे ते दिवस. शाळा चौथीपर्यंतच. चौथी झाली की पोरगा एकतर होडीत, नाहीतर मुंबईला गिरणीत. मास्तरांनी लोकल बोर्डाच्या मागे लागून पाचवीचा वर्ग पदरात पाडून घेतला. हळूहळू सातवी गाठायची आणि पोरांना फायनलच्या सरकारी परीक्षेला बसवायचं, हा त्यांचा ध्यास. पण पोरं आली नाहीत तर वर्ग बंद, असं बोर्डाने बजावलेलं. आणि गाव सगळं तांडेलाकडे बघणार. तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. त्याचा रघू पाचवीत बसला तर बाकीचे बसणार, नाहीतर मास्तरांनी खुशाल भिंतींना शिकवावं!

तांडेल एक दिवस शाळेच्या पायरीवर येऊन बसला. माणूस सरळ, पण तोंडाचा फटकळ. म्हणाला, "पोराला सही येते, चिठ्ठी वाचता येते. आनि वर्सं घालून काय मासळी जास्त गावनार हाय?"

"ते मला सांगता यायचं नाही," मास्तर म्हणाले.

मी दुकानात कपाळाला हात लावला. अहो, अशी कोणी वकिली करतं का?

"पण अजून एक वर्ष द्या," मास्तर म्हणाले, आणि बोट वर.

"न् माझं जाळं कोन ओढील? थोरला मुंबैला. ह्याच्या जाग्यावर तुमी येनार?"

तांडेल चेष्टेत बोलला होता. मास्तरांनी बोट खाली घेतलं आणि म्हणाले, "येतो."

आता हे मास्तर कोण? तर देवरुखकडच्या डोंगरातल्या भातशेतीवाल्या घरातले. समुद्र पाहिला तोच मुळी नोकरीला लागल्यावर. पोहण्याच्या नावाने शून्य. अंगकाठी अशी की वारा सुटला की आम्हालाच काळजी वाटावी.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या. पहिल्याच पहाटे मास्तर धोतर वर खोचून किनाऱ्यावर हजर. उत्साह मावेना. मोठ्याने विचारलं, "काय तांडेल, आज कुठे जायचं?"

किनारा चिडीचूप झाला. पाण्यावर निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारायचं नसतं, विचारलं की गेलेला सुखरूप येईल याची खात्री नाही. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. तांडेल ओरडला, "वाटोळं केलंत मास्तर!" आणि होडी परत वर ओढायला लावली. त्या दिवशी तांडेलाच्या घरी नुसती डाळ शिजली आणि गाव हसून हसून लोळलं. मीही हसलो.

दुसऱ्या पहाटे मास्तर पुन्हा हजर, तोंडाला कुलूप लावून. मग हसणं हळूहळू आटत गेलं. पहाटे होडीवर, पोटातलं सगळं समुद्राला देऊन परत, दोन तांबे अंगावर ओतून अकराच्या घंटेला वर्गात. दोरीने तळहात सोलवटले, खडू धरवेना. मग मास्तर तोंडाने सांगत आणि रघू फळ्यावर लिही. आपल्यासाठी हे हात सोलले हे त्या पोराला कळत होतं. लिहिताना तो मागे वळून बघत नसे.

पाचवी झाली. बोट वर. सहावी झाली. बोट वर. सातवी झाली, आणि रघू फायनलला गणितात आपटला! गाव म्हणालं, बघा, आम्ही सांगत नव्हतो? मास्तर तांडेलाच्या दारात जाऊन उभे राहिले, आणि आम्ही बघायला जमलो. मास्तरांनी बोट वर केलं. दोरीत सापडून ते एव्हाना वाकडं झालं होतं, सरळ उभंच राहीना. तांडेल त्या बोटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उद्या वायच लवकर या. वारा पडायच्या आत निघू."

पुढच्या वर्षी रघू पास झाला. आणि घरी येऊन बापाला म्हणाला काय, तर मी होडीवरच येणार! मी दुकान टाकून शाळेत गेलो. "मास्तर, अहो मग फायदा काय झाला?"

ते शांतपणे म्हणाले, "चौथीनंतर गेला असता तर बापाने धाडला म्हणून गेला असता. आता स्वतःच्या मनाने चाललाय. मन कळायला चार इयत्ता पुरत नाहीत हो."

मला तेव्हा ते पटलं नाही. आजही पुरतं पटलंय असं म्हणणार नाही. पण त्यानंतर पाचवीचा वर्ग कधी ओस पडला नाही. जो माणूस आपल्या पोराच्या जागी समुद्रावर जातो, त्याला नाही कसं म्हणायचं? असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुम्ही पाहिला असेल तर तुम्ही भाग्याचे.

मग एक दिवस बदलीचा हुकूम आला. मास्तर ट्रंक घेऊन तरीवर, पलीकडे नेणारी होडी लागते तिथे, आले तेव्हा गाव लोटलं होतं. रघूने ट्रंक होडीत ठेवली. तांडेल पुढे झाला, आणि त्या फटकळ माणसाने एक बोट वर केलं.

"अजून एक वर्स ऱ्हावा, मास्तर. एकच."

तांडेलाचं वर धरलेलं बोट मास्तरांनी आपल्या मुठीत घेतलं, हळूच खाली केलं आणि होडीत बसले.

बदली कोणत्या गावी, हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. तांडेलाने माझा दंड दाबला. होडी सुटली. अख्खं गाव पाण्याच्या कडेला उभं होतं, पण 'कुठे' म्हणून मास्तरांना कोणी म्हणजे कोणी विचारलं नाही.