सालीसकट सफरचंद

आमच्याकडे सफरचंद खात नाहीत, नेतात. कोणी आजारी पडलं की दवाखान्यात न्यायचं ते फळ. अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडवर कोणाच्या हातात सफरचंदांची थैली दिसली, की ओळखीचा माणूस रामराम बाजूला ठेवून आधी विचारतो, "कोन भरती हाय?" बोरं, शिंगाडे, सीताफळं आम्ही टोपल्यांनी खाऊ. पेरूला आम्ही जाम म्हणतो, तेही झाडावर चढून खाऊ. पण सफरचंद? ते सलाईनच्या बाटलीशेजारचं.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मी याच भागातली, नवेगाव बांधची लेक. पण त्या दिवशी डोक्यात दुसरंच होतं. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामाजींना, डॉक्टरकडे दाखवून आणलं होतं. शुगर थोडी वाढलेली, बाकी माणूस ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, दुपारच्या गोड चहात ते टोस्ट बुडवून खातात ना, ते बंद करा. त्याऐवजी एखादं फळ द्या. रस काढून देऊ नका, चावून खाऊ द्या. पोटही भरेल आणि साफही राहील. जाम निघायला अजून अवकाश होता, सीताफळ तर नुसती साखर. भादवा सरत होता आणि बाजारात नवी सफरचंदं आली होती. घेतली मी थैली भरून.

परतीच्या ऑटोत शेजारीण भेटलीच. "कोन भरती हाय वो?"

"कोनी नाई. मामाजीले खायले."

काय ही माझी जीभ! तिनं माझ्याकडे अशा काही कणवेनं पाहिलं की मला ऑटोतून उडी मारावीशी वाटली. संध्याकाळी मामाजींचे जुने सोबती एकेक करून ओसरीत येऊन बसले. "कसा हाय आता?" त्यांनी विचारलं. "बरा हाय," मामाजी म्हणाले, "लोंब्या चांगल्या निघून राहिल्या." त्यांना वाटलं, धानाचं विचारताहेत. मी आत पदर तोंडाला लावून हसत होते.

हसू काही फार टिकलं नाही. मी मोठी कर्तव्यदक्ष सून ना! रोज चार वाजता सफरचंद सोलायचं, बारीक फोडी करायच्या, स्टीलच्या ताटलीत मांडायच्या आणि मामाजींच्या हातात द्यायच्या. घरात बाकी कोणी त्या थैलीला हात लावायचा नाही. नवऱ्यानं एकदा एक उचललं तर मी त्याच्या हातावर चापट मारली, "ते मामाजींचं आहे." मामाजी ताटलीकडे पाहायचे, माझ्याकडे पाहायचे आणि मुकाट्यानं खायचे.

हा मुकाटपणाच मला आधी कळायला हवा होता. मामाजी म्हणजे भाजीत मीठ कमी पडलं तर गल्लीला ऐकवणारा माणूस. तो माणूस एकाएकी गरीब झाला. भात गिचका झाला तरी चालेल, चहा अगोड तरी चालेल. देवरीहून लेकीला विनाकारण बोलावून घेतलं आणि तिच्या आईच्या हातातले चांदीचे गोट तिच्या हातात ठेवले. नवऱ्याला शेतात बांधीबांधीनं फिरवून हद्दीचा कुठला धुरा कुठपर्यंत ते दाखवलं. त्याला काय ते ठाऊक नव्हतं? जन्म तिथंच गेलाय त्याचा. मग एक दिवस नवऱ्यानं उन्हाळी धानाचा विषय काढला. तलावाचं पाणी मिळणार, बियाणं कोणतं घ्यायचं? या प्रश्नावर दरवर्षी बापलेकात भांडण ठरलेलं. मामाजी म्हणाले, "तुमच्या मनानं करा. मी काय पाहाले येतो?"

डॉक्टरांनी सांगितलं त्याहून वेगळं काही यांना होतंय आणि हेच सांगत नाहीत, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता ताटली घेऊन गेले आणि सरळ विचारलं, "मामाजी, तुमाले काय होऊन राहिलं?"

त्यांनी ताटली खाली ठेवली. "मले काय झाला ते तूच सांग ना. लपवून काऊन राहिली?"

"कोन लपवून राहिलं? शुगर आहे थोडी, दुसरं काही नाही!"

"हाव," ते मान डोलावून म्हणाले. "तिलेबी काई नाई झाला होता."

तिले म्हणजे माझ्या सासूबाईंना. गोंदियाच्या दवाखान्यात त्या होत्या तेव्हा खाटेजवळच्या टेबलावर सफरचंदांचा ढीग लागला होता. येणारा प्रत्येक जण घेऊन यायचा. मी असंच सोलायचे, अशाच बारीक फोडी करायचे, अशीच ताटली पुढे धरायचे. डॉक्टरांनी आशा नाही म्हणून सांगितलं होतं आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, त्यांना कळू द्यायचं नाही.

"मीच सांगतलो होतो तिले," मामाजी म्हणाले, "काई नाई झाला तुले, चार दिवसांत घरी जाऊ. तवा जसा चेहरा मी केलो होतो ना बाई, तसाच चेहरा करून तू मले ताटली देऊन राहिली."

मला रडूच आलं. किती दिवसांपासून हा माणूस रोज चार वाजता माझ्या हातून आपलं मरण खात होता, आणि मी शेजारणींना सांगत होते की मामाजी कसे शहाण्यासारखे फळं खातात! मी शपथ घातली, डॉक्टरांना फोन लावून देते म्हटलं. ते नुसती मान हलवत राहिले. असलं खोटं ते स्वतःच बोलले होते. त्यांना माझं खरं पटणार कसं?

मग मला संताप आला. खरं सांगते, मला रडू आवरता येतं, संताप आवरत नाही. मी थैलीतून एक सफरचंद काढलं, धुतलं आणि त्यांच्यासमोर उभी राहून कचकन चावा घेतला, सालीसकट. दुसरं नवऱ्याच्या हातात कोंबलं. "खा!" तो बिचारा बैल बांधून आला होता, काही न विचारता खायला लागला. "घ्या," मी तोंड भरलेलं असतानाच ओरडले, "आता आमी सारेच मरून राहिलो! बोलवा लोकांले!"

मामाजी हसले नाहीत. पण पाहत मात्र राहिले.

त्या दिवसापासून ताटली फळीवर गेली. सफरचंदं कांद्या-टमाट्यांच्या टोपलीत आली आणि घरात ज्याला लागेल तो उचलायला लागला. मी एकाची दह्यातली कोशिंबीर केली, वर हिरवी मिरची आणि जिरं. साखर नाही घातली, तरी गोड लागली. नवऱ्यानं जवसाच्या चटणीला फोड लावून पाहिली आणि जेवण सोडून तेच खात बसला. भुईमुगाच्या दाण्यांबरोबर तर फारच छान लागतं. सांजेपर्यंत भूक लागत नाही. दिवाळीनंतर धान कापणी लागली, तेव्हा मी शिदोरीच्या गाठोड्यात थोडी टाकून नेली. कापणीच्या बायांनी आधी मला वेड्यात काढलं, "बापा, आमाले कायले दवाखान्याचा माल?" मग मीठतिखट लावून खाल्ली आणि उद्याही आन म्हणाल्या.

मामाजी धुऱ्यावर बसून हे पाहत होते. एवढ्या मोठ्यानं हसणाऱ्या, कंबर मोडेस्तोवर राबणाऱ्या बाया सफरचंद खाताना बहुधा त्यांनी पहिल्यांदाच पाहिल्या. ते उठले, गाठोड्याशी आले आणि एक उचललं. मी चाकूकडे हात नेला नाही. त्यांनी धोतराला पुसलं, दाढेखाली धरून चावलं. पूर्ण खाल्लं, उरलेला गाभा बैलाला टाकला आणि नवऱ्याला हाक मारली, "मागच्या वर्सीचं बियाणं आनशील तर याद राख! बारीक धान लावाचा औंदा."

बापलेकाचं भांडण दिवस मावळेपर्यंत चाललं. इतकं गोड भांडण मी आयुष्यात ऐकलं नाही.

आता शुगर ठीक आहे. जाम निघाले की आम्ही जाम खातो, बोरं आली की बोरं. सफरचंदाचा हट्ट नाही. पण परवा मामाजी माझ्याबरोबर बाजारात आले आणि आपल्या हातानं निवडून सफरचंदं घेतली. ऑटोत बसलो तर समोर कोणी ओळखीचा होताच. थैली पाहून त्यानं चेहरा पाडला. "कोन भरती हाय, बुवा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामाजींनी थैली मांडीवर नीट घेतली.

"कोनीच नाई," ते म्हणाले. "घरी सारे चांगले हायत. म्हणूनच आनलो."