आईच्या खाटेला पावडर कोटिंग

हौस माझी. आईने काहीच मागितलं नव्हतं. घाटकोपरच्या आमच्या खोलीत तिची लोखंडी खाट आहे, बाबांनी गिरणीत असताना घेतलेली. दर दिवाळीला ते तिला ऑइल पेंटचा हात मारायचे. बाबा गेले, मग पोपडे निघायला लागले, चादरीला गंजाचे डाग. आणि मी पडले पावडर कोटिंगवाली. अंधेरीच्या गाळ्यात दिवसभर लोकांची ग्रिलं नि खुर्च्या चकाचक करून देणार, आणि माझ्या आईने गंजक्या खाटेवर झोपायचं? मला ते खुपत होतं. घातली खाट टेम्पोत.

आमच्या कामात रंगापेक्षा आधीची धुलाई मोठी. जुना रंग केमिकलने सोलायचा, गंज ॲसिडने घालवायचा, मग फॉस्फेटच्या टाकीत बुडवून वाळवायचं. खाटेच्या कडेच्या पट्टीवर एक ओबडधोबड गाठ होती. पट्टी तुटली तेव्हा बाबांनी कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून जोडून आणलेली. कोटिंगखाली असले उंचवटे लपत नाहीत. मी कारागिराला म्हटलं, ग्राइंडर मार, सपाट कर. त्याने विचारलं, नक्की? म्हटलं, अरे मार ना.

मग खाट आकड्याला टांगली. बंदुकीतून पावडर सुटते ती विजेचा भार घेऊनच. आकड्यातून खाटेला अर्थिंग मिळतं, म्हणून कोरडी पावडर लोखंडाकडे ओढली जाते, पार मागच्या अंगालाही जाऊन चिकटते. तेव्हा नुसतं बोट लागलं तरी पुसली जाईल. भट्टीत गेली की वितळून एकजीव होते, मग नखानेही निघत नाही. आकाशी रंगाची खाट बाहेर आली आणि मी स्वतःवरच खूश. एकदम झकास!

आईला काचबिंदू आहे. उजेड आणि अंधार, एवढंच कळतं आता. तरी मोरीपर्यंत ती एकटी जायची, कुणी हात धरला तर चिडायची. खाट आली तेव्हा हात फिरवून म्हणाली, छान गुळगुळीत झालीय. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कडेला बसून पट्टी चाचपतेय, या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत परत. काय शोधतेस गं, मी विचारलं.

"ती गाठ कुठे गेली? गाठीसमोर मोरीचं दार."

इतकी वर्षं एका खोलीत राहून मला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिने आपणहून माझ्यापुढे हात केला, आणि मी तिला मोरीपर्यंत नेलं.

करायला गेले एक नि झालं भलतंच. मी गाठीच्या जागी चिंधी बांधली, तर ती सरकली. आई भलतीकडेच उतरली नि कपाटावर आपटली. पुन्हा वेल्डिंग करून आणते म्हटलं, तर म्हणाली, आता खाट कुठे नेऊ नकोस.

मग एकदा कामावरून आले तर उशी पायथ्याला. आकडा जिथे अडकतो तिथे पावडर बसत नाही, लोखंड उघडं राहतं. गिऱ्हाइकाला माल देण्याआधी आम्ही तेवढ्या जागेवर ब्रशने रंग लावतो. घरचंच काम, म्हणून मी टाळलं होतं. पायथ्याकडचा तो खरबरीत ठिपका आईच्या बोटांनी शोधून काढला होता. तिथे उतरलं की हाताशी भिंत येते, ती धरून मोरीकडे जाता येतं. उठताना हात ठिपक्यावर पडावा म्हणून उशी तिकडे. पण डोकं तिथे म्हणजे पाय दक्षिणेला. लहानपणी झोपेत आमचे पाय दक्षिणेकडे गेले तर हीच बाई आम्हाला उचलून फिरवून ठेवायची.

"आई, पाय दक्षिणेला होतायत गं."

"होऊ देत. यमाला माझा पत्ता ठाऊकच आहे. मला मोरीचा हवा होता."

रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. खाट फिरवावी, तर ठिपका उतरायची बाजू सोडून मागच्या भिंतीकडे जातो.

त्या ठिपक्यावर आता गंज धरायला लागलाय. रंग माझ्याकडे आहे, पण मी त्याला हात लावत नाही. अंथरूण घालताना उशी मीच त्या टोकाला ठेवते, आणि माझ्या हातांनी आईचे पाय दक्षिणेला करते.