फादर कोंची मोकळी रांग

हिवाळ्यासाठी कोबीची आंबट-तिखट किमची घालून झाली की कोरियातल्या आमच्या चुंगचोंग भागातल्या बायका पापं निवडायला बसतात, कारण नाताळ तोंडावर आलेला असतो. चर्चमध्ये पापांच्या कबुलीच्या दिवशी मदतीला शेजारच्या गावचे फादर येतात आणि सगळा गाव त्या परक्या माणसापुढे रांग लावतो. आमचे फादर को कबुली ऐकायच्या आपल्या लाकडी खोक्यात एकटेच. ज्याला रोज भाजी नेऊन द्यायची, त्याला पाप कोण सांगणार?

आगाथाही लांब रांगेतच होती. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करता करता तिची कंबर वाकली होती. परवा रात्री सासूने पाण्यासाठी हाका मारल्या, आणि आगाथा जागी असूनही डोळे मिटून पडून राहिली. म्हातारी पहाटेपर्यंत तहानलेली. फादर को म्हातारीला कम्युनियनचा प्रसाद द्यायला घरी येतात, "सून असावी तर अशी" म्हणून जातात. त्यांना हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"आत कोण गेलंय गं?" तिने पुढच्या रोसाला विचारलं.

"सरपंचीणबाई."

"मग आपला नंबर ईस्टरला."

आगाथाची कंबर तिला आता उभं राहू देईना. टेकायला जागा एकच होती, फादर कोंच्या खोक्यात. लाज बाहेर ठेवून ती आत शिरली.

"खरंच कोणी आलंय?" जाळीपलीकडून दचकून आवाज आला.

तिने सगळं सांगितलं. फादर जाळीजवळ सरकले.

"तू शेवटची पोटभर कधी झोपलीस?"

"हेही पापात धरतात का, फादर?"

"देवाने तुला क्षमा केली आहे. आता प्रायश्चित्त. सासूबाईंना तुझ्यासाठी जपमाळ म्हणायला सांग, आणि ती संपेपर्यंत त्यांच्याशेजारी आडवी हो."

"भरदुपारी?"

"प्रायश्चित्तात घासाघीस नाही."

घरी म्हातारीने माळ झडप घालून घेतली. कित्येक वर्षांत तिला कुणी काम सांगितलं नव्हतं. चुलीच्या धगीने जमीन खालून छान तापलेली होती. दुसऱ्या मण्याला आगाथाला झोप लागली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. सासूची अर्धी रजई तिच्या अंगावर होती.

"संपली का, सासूबाई?"

"दोनदा. संपेपर्यंत पडायचं म्हणालीस ना? तिसरी धरलीय."

आगाथा उठून बसली. "परवा रात्री मी जागी होते."

"ठाऊक आहे," म्हातारीने पुढचा मणी ओढला. "घोरत नव्हतीस. पड आता."