टेकडीवरच्या सरळ ओळी

"थांबा, पानी उभं राहू द्या," असं म्हणून ती डावा हात वर करायची आणि टेकडीवरची पंचवीस माणसं गप्प व्हायची. मीसुद्धा. तिच्या उजव्या हातात एक काठी, दुसरी काठी पाच-सात पावलांवर दुसऱ्या बाईच्या हातात, आणि दोन्ही काठ्यांना बांधलेली पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. पाणी हलायचं थांबून दोन्हीकडे एकाच खुणेवर आलं, की ती चुन्याची फक्की टाकायची. तिथून चर खणायचा.

धाड गावाच्या पलीकडे एका लहान सिंचन तलावाचं काम चाललं होतं. टेकडीची माती तलावात उतरू नये म्हणून उतारावर आडवे चर घ्यायचे होते. मी कंत्राटी तांत्रिक सहायक. डिप्लोमा ताजा, अक्कल त्याहून ताजी. तिला सगळे मावशी म्हणत. टेकडीच्या पायथ्याशी, तलावाच्या वरच्या अंगाला तिचं दीड एकर वावर होतं, काळंभोर. नवरा गेल्यावर तिने ते एकटीने कसलं होतं, दोन पोरींची लग्नं त्यावरच केली होती.

पहिल्या दिवशी मी ऐटीत मोबाइल काढून त्यावर उतार मोजायला लागलो. तिने वाकून पाहिलं.

"साहेब, याले कधी तहान लागते का?"

"नाही."

"मंग त्याले पान्यातलं काय समजते बाप्पा?"

सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. दुपारी तिनेच मला बोलावून भाकर आणि ठेचा दिला. "खा. नाई त वारा उडवून नेईन तुमाले." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आधी चारचौघांत पाणउतारा करतात आणि मग पोटभर जेवू घालतात.

तिने आखलेले चर टेकडीच्या अंगाने वळत जायचे. फेब्रुवारीत पाहणीचा निरोप आला आणि आमचे साहेब भडकले. "हे काय, शेळ्यांनी आखलंय? वरिष्ठ रस्त्यावरूनच बघणार आहेत. उरलेल्या ओळी दोरी लावल्यासारख्या दिसल्या पाहिजेत." माझं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं. मी मुकाट्याने दोरी आणली.

"काऊन?" तिने विचारलं.

"वरून आदेश आहे, मावशी."

ती मला हाताला धरून मधल्या खोलगट जागेत घेऊन गेली. "इथं टेकडी पोटात गेली हाय. सरळ रेघ मारली त मधात जमीन खाली येते. सारं पानी मधात जमा होईन अन् फोडून खाली येईन."

"खाली काय आहे?" मी मूर्खासारखा विचारून गेलो.

"माह्यं वावर."

पाहणी झाली की मधला भाग नीट करून देतो, असा शब्द मी तिला दिला. खोटं नाही सांगत, तेव्हा मनापासून दिला होता.

पाहणी झाली, कौतुक झालं, माझं कंत्राट वाढलं. घाईसाठी मागवलेलं खोदाईचं मशीन दुसऱ्या गावी गेलं. बाजाराच्या दिवशी ती गाठायची. "साहेब, ते मधातलं?" मी म्हणायचो, "होऊन जाईल, मावशी." मे उलटला तसं तिने विचारणं सोडलं. नुसती नजरेला नजर द्यायची आणि पुढे जायची. मला त्या नजरेची धास्ती बसली, मी बाजाराचा रस्ताच बदलला. ती एकटीच कुदळ घेऊन वर जाते, हे कुणीतरी सांगितलं. तिच्याच्याने तीन ओळी वळल्या. सरळ ओळी अकरा होत्या.

जुलैत एका दुपारी तिचा फोन आला. मागे पावसाचा आवाज होता.

"साहेब, वरची ओळ फुटली. आता दुसरी भरून राह्यली."

"मावशी, तुम्ही आधी तिथून निघा!"

"तिसरी गेली," ती म्हणाली. आवाज अगदी शांत. मग फोन बंद झाला.

मी पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. ती शेजाऱ्याच्या बांधावर भिजून बसली होती. जिवंत होती, माझ्या जिवात जीव आला. समोर वावर नव्हतं. मुरूम आणि दगड होते, आणि मधोमध माणूस उभा मावेल अशी घळ. तिने शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर आज मला बरी झोप लागली असती.

"चहा घेतला का, साहेब?" तिने विचारलं.

दिवाळीआधी ती जालन्याला लेकीकडे गेली. तिथे लोकांच्या घरची भांडी घासते म्हणतात. मी नोकरीत टिकलो. उरलेल्या ओळी अजून तशाच सरळ आहेत आणि घळ दर पावसाळ्यात खालच्या दुसऱ्या वावराकडे सरकते आहे.

यंदा मेमध्ये तलाव आटला. गाळ नेण्याची परवानगी माझ्या सहीने मिळते. एक शेतकरी ट्रॉली भरता भरता ओंजळभर गाळ घेऊन माझ्याकडे आला. खुशीत होता.

"पाहा ना साहेब, काय काळी माती हाय! टेकडीवर त निरा मुरूम. ही आली कुठून?"

"आली असेल कुठून तरी," मी म्हणालो, आणि त्याच्या कागदावर सही केली.