विक्रोळीच्या जीपचा लॉक

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची गोष्ट. माझं पोस्टिंग विक्रोळीला आलं. घर मुलुंडला, त्यामुळे घरचे खूश. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. घरी जाण्याची परवानगी पंधरा दिवसांतून एकदा, पण आईला वाटायचं की मुलगा दोन स्टेशनांवर आहे म्हणजे घरातच आहे.

आमची तुकडी छोटी. एक शेड, गाडीखाली उतरून काम करायचा एक पिट, दोन ट्रक आणि एक जीप. खाडीच्या बाजूला, मिठागरांच्या पलीकडे, एक स्टोअर होतं. त्यात काय होतं ते तेव्हा बोलायचं नव्हतं, आता बोलायची सवय उरली नाही. तिथे सहा जणांचा गार्ड असायचा. जीप रोज सव्वासहाला त्यांचं पाणी आणि राशन घेऊन निघे. दोन मैल निव्वळ चिखल, दोन्ही अंगांना तिवरं. तीच जीप परत येऊन धुतली, की पवईच्या तलावाकडून साकीनाका, अंधेरी, कधी सांताक्रूझ. तो सगळा डांबरी रस्ता. म्हणजे एकाच गाडीने सकाळी रेडा व्हायचं आणि दुपारी साहेबाची गाडी. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं इथूनच सुरू होतं.

जीपचा ड्रायव्हर नाईक सखाराम परब. कुडाळकडचा. बायको घाटकोपरला चाळीत. चौदा वर्षांची सर्व्हिस आणि एकही अ‍ॅक्सिडेंट नाही. त्याचा त्याला भारी तोरा होता. दुसऱ्या कुणी जीप चालवली की तो आधी चाकं बघायचा आणि मग त्या माणसाचं तोंड. मला तो ‘दळव्या’ म्हणायचा, हवालदार असूनही. चारचौघांत मात्र ‘हवालदारसाहेब’.

ऑगस्टमध्ये एका सकाळी गार्डवरचा एक जवान तापाने फणफणला. त्याला आणायला परब आणि मी गेलो. येताना बांधाच्या वळणावर जीप रुतली. मागचं डावं चाक भिंगरीसारखं फिरत होतं आणि उजवं, जे घट्ट जमिनीवर होतं, ते ढिम्म. भरती सुरू झाली होती. मी उतरलो तेव्हा पाणी घोट्याला होतं. दहा मिनिटांनी ते गुडघ्याला लागलं. मागे तो जवान तापात बडबडत होता. त्याला उचलून मैलभर चिखलातून नेणं दोघांना शक्य नव्हतं.

सांगायला लाज नाही, मी टरकलो होतो. पोहता येत असूनही टरकलो. त्या चिखलात पाय गेला की निघत नाही, पोहण्याचा संबंधच नाही.

परब म्हणाला, "देवाक मगे हाक मार, आधी पोती घाल."

पोती घातली, टारपोलिन घातलं, माझा रेनकोटही घातला. चौथ्या खेपेला जीप निघाली. तोपर्यंत पाणी सायलेन्सरला लागलं होतं.

संध्याकाळी कॅप्टनसाहेबांनी बोलावलं. नाव सांगत नाही, माणूस सज्जन होता. म्हणाले, "मागच्या अ‍ॅक्सलला लॉकर बसव. कुठला, ते तू ठरव. आठ दिवस."

आता सिव्हिलवाल्यांसाठी थोडं सांगतो. परेडमध्ये तीन जणांची रांग वळते तेव्हा आतला जवान जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरचा लांब पावलं टाकतो. गाडीच्या चाकांचंही तेच. बाहेरच्या चाकाला जास्त धावू देणारी जी पेटी अ‍ॅक्सलच्या मधोमध असते, ती डिफरन्शियल. डांबरावर तिच्यासारखं सुख नाही. पण चिखलात ती सगळी ताकद फुकट फिरणाऱ्या चाकाला देते आणि दुसरं चाक बघत बसतं. लॉकर म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधायची. मग एक रुतलं तरी दुसरं ओढतं. पण बांधलेली चाकं वळायला राजी नसतात, विशेषतः ओल्या डांबरावर. तुम्ही स्टिअरिंग फिरवता, गाडी सरळ जाते.

माझ्यासमोर तीन रस्ते होते. पहिला, आतले गिअर वेल्ड करून टाकायचे. अर्ध्या दिवसाचं काम. पण मग चाकं कायमची बांधलेली, आणि ही गाडी रोज पवईच्या वळणांवरून जाणारी. तो मी लगेच सोडला. दुसरा, आपोआप लागणारा आणि सुटणारा लॉकर. डिस्पोजलमधल्या, म्हणजे युद्धानंतर विकायला काढलेल्या, एका अमेरिकन ट्रकात तसा होता. तो वळणावर स्वतः सुटतो, पण सुटताना दणका देतो, आणि ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला की हलकी गाडी बाजूला फेकतो. तिसरा, हाताने लावायचा. सीटजवळ लिव्हर, तिथून केबल, केबलच्या टोकाला दोन्ही चाकं जखडणारी दातेरी कॉलर. चिखल आला की ओढा, डांबर आलं की सोडा.

परबला विचारलं. तो म्हणाला, "आपोआपवालो नको. गाडयेन माका विचारल्याशिवाय काय करूचा नाय."

मलाही तेच पटलं. अजून कुणी जीपवाला विचारायला येतो, तेव्हा मी हेच सांगतो की रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हाताचाच लॉक बरा. हिशेब चूक नव्हता. आमच्या टर्नरने कॉलर लेथवर काढली, मी सहा दिवसांत बसवली. सातव्या दिवशी त्याच बांधाच्या वळणावरून जीप अशी निघाली की परब ओरडला, "झकास रे दळव्या!"

एकच भीती होती. लॉक लावलेला राहिला आणि तसाच कुणी रस्त्यावर गेला तर? म्हणून आम्ही दोघांनी एक पद्धत ठरवली. लॉक लावला की स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायची. सुटला याची खात्री करून मगच काढायची. गाडीत बसणाऱ्याला आधी चिंधी दिसणार. दोन महिने हे बिनबोभाट चाललं.

मग ऑक्टोबरात ब्रिगेडियरसाहेबांचं इन्स्पेक्शन आलं. पाऊस जाता जात नव्हता. त्या सकाळी परब ड्रेस तयार करण्यात गुंतला होता, म्हणून सव्वासहाची खेप मी मारली. परत येताना मिठागरं संपली तिथे लिव्हर सोडली. लिव्हर पुढे गेली, पण मागून जो खट्ट आवाज यायला हवा तो आला नाही. दहा फूट रिव्हर्स घेतली. एरवी तेवढ्यात सुटायचा. नाही सुटला. खाऱ्या पाण्याने कॉलर गंजून धरली होती. लिव्हर ‘ऑफ’वर, आत लॉक घट्ट.

सात पन्नासला जीप शेडमध्ये लावली. चिंधी तशीच ठेवली. ठरवलं, इन्स्पेक्शन झालं की अ‍ॅक्सल उघडायचा. परबला सांगायचं होतं. तो बुटांना पॉलिश मारत होता, आणि मला दोन ट्रकांखालचं ऑइल पुसायचं होतं. म्हटलं, सांगू नंतर.

नऊ चाळीसला सुभेदारसाहेब लाइन बघत आले. जीपपाशी थांबले.

"दलवी, ये चिथडा क्या लटका रखा है?"

"साब, मार्किंग है. लॉक..."

"इन्स्पेक्शन में चिथडा? हटाओ."

मी चिंधी सोडली आणि खिशात टाकली. जीप इन्स्पेक्शनपुरती उभीच राहणार होती. फौजेत गाडी चालली नाही तरी एक वेळ चालतं, तिच्यावर चिंधी दिसलेली चालत नाही. मी ‘साब’ म्हणालो आणि पुढच्या गाडीकडे गेलो.

इन्स्पेक्शन अकरा वीसला संपलं. पिटजवळ एक ऑफिसर मला ट्रकच्या ब्रेकचं काहीबाही विचारत होता, त्यात पंचवीस मिनिटं गेली. सुटलो, घाम पुसायला खिशात हात घातला, आणि हाताला रुमालाऐवजी चिंधी लागली. मी शेडकडे वळून पाहिलं. जीपची जागा रिकामी होती.

मी गेटकडे धावत सुटलो.

"जीप कुणी नेली?"

"नाईक परब. अकरा पस्तीस आऊट."

"कुठे?"

"सांताक्रूझ. ब्रिगेडियरसाहेबांची बॅग विमानाला पोचवायची आहे."

घड्याळात अकरा शेहेचाळीस. गेटवरच्या टेलिफोनवरून मी साकीनाक्याच्या पुढच्या आमच्या चौकीला फोन लावला.

"हॅलो, विक्रोळी. आमची जीप पास झाली का?"

"नाही."

"आली की थांबवा. ड्रायव्हरला सांगा, गाडी हलवायची नाही. समजलं?"

"समजलं. कारण?"

"कारण नंतर. थांबवा म्हणजे थांबवा!"

टपाल नेणाऱ्या डिस्पॅच रायडरची मोटरसायकल उभी होती. परवानगी न घेता घेतली. रिमझिम पडत होती. मी सगळ्या रस्त्याने एकच हिशेब करत होतो. सरळ रस्त्याला काही होणार नाही. गेटमधून वळताना परबला कळलं असेल का? नाही कळणार. कोरड्या डांबरावर बांधलेली चाकं कुरकुरतात, पण ओल्यावर निमूट घसरतात, ड्रायव्हरला हाताला काही लागत नाही. त्याने लिव्हर बघितली असेल. ती ‘ऑफ’. स्टिअरिंग बघितलं असेल. ते मोकळं. म्हणजे तो नेहमीच्या वेगात जाणार. तलावाच्या पुढे उतार आहे आणि उताराच्या तळाला उजवं वळण आहे. त्या वळणाआधी त्याला गाठू दे मला, एवढंच मी म्हणत होतो.

पहिल्या वळणावर काही नव्हतं. दुसऱ्यावर नव्हतं. मला वाटलं, वाचला. अरे देवा, वाचला.

उतारावरून खाली आलो तर वळणावर चार-पाच माणसं उभी. दगडी कठडा फुटलेला. जीप खालच्या खडकांवर नाकावर उभी होती, मागची दोन्ही चाकं वर. परब बाहेर फेकला गेला होता. गवत कापणाऱ्या माणसांनी त्याला उचलून सपाट जागी ठेवलं होतं. बाहेरून फार काही दिसत नव्हतं. छाती स्टिअरिंगवर आपटली होती. एक जण अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन करायला धावला होता.

मी खाली बसलो. परबने ओळखलं.

"दळव्या."

"आहे मी. बोलू नकोस."

"मी वेळेर वळवलंय रे. गाडी सरळच गेली."

"बोलू नकोस, परब. अ‍ॅम्ब्युलन्स येतेय."

"माजा खंय चुकला रे?"

मी त्याचा हात धरला. त्याने पुन्हा विचारलं. स्पीड सांगितला, पंचवीसच्या वर नव्हता म्हणाला. गिअर सांगितला. रिपोर्ट देतात तसं सगळं सांगितलं आणि परत विचारलं, "मग खंय चुकला?" मी त्याचा हात धरून होतो आणि म्हणत होतो, बोलू नकोस, बोलू नकोस. बारा वीसला त्याचं बोलणं थांबलं. अ‍ॅम्ब्युलन्स बारा पस्तीसला आली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी नऊ दिवसांनी बसलं. तीन ऑफिसर. कच्च्या रिपोर्टात लिहिलं होतं: ओला रस्ता, जादा वेग, चालकाचा अंदाज चुकला. लिव्हर ‘ऑफ’वर सापडली होती, त्यामुळे लॉकचा कुणाला संशयही नव्हता. मी गप्प राहिलो असतो तर ते तसंच कायम झालं असतं. रात्रभर तोच विचार केला होता. नोकरी जाईल, तुरुंग होईल, आईला काय तोंड दाखवू. मग त्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, लॉक अडकलेला होता. मला माहीत होतं. खूण मी काढली."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "कुणाच्या हुकमाने?"

मी उत्तर द्यायच्या आधी मागून सुभेदारसाहेब उभे राहिले. "मेरे हुकुम से, साब."

अ‍ॅक्सल उघडला. कॉलर तशीच रुतलेली मिळाली. माझी एक फीत गेली, हवालदाराचा नाईक झालो, सुभेदारसाहेबांना लेखी ठपका आला. रिपोर्टात शेवटी लिहिलं, ‘चालकाचा दोष नाही.’ त्यानंतर कॅप्टनसाहेबांनी लॉक काढून टाकायला सांगितलं. स्टोअरचं पाणी बैलगाडीने जाऊ लागलं.

मी घाटकोपरला गेलो. परबची बायको मला भावोजी म्हणायची. खोलीत तिचा भाऊ होता, त्याला तिने बाहेर पाठवलं. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. चिखल, लॉक, चिंधी, खिसा, सगळं. वाटलं होतं, शिव्या देईल. द्याव्यात अशी इच्छाही होती. ती नुसती ऐकत होती.

मग म्हणाली, "शेवटाक काय बोलले?"

खोटं सुचत होतं. तुमची आठवण काढली म्हणालो असतो तर कुणाला कळलं असतं? पण मला ते जमलं नाही.

"विचारत होता, माझं कुठे चुकलं."

"मगे तुमी काय सांगितलात?"

"बोलू नकोस म्हटलं."

"म्हायत असान?"

"माहीत असून, वहिनी. घाबरलो."

तिने खिडकी ओढून घेतली. खाली नळावर बायकांचं भांडण चाललं होतं.

"तेवढा सांगूचा होता, भावोजी," ती म्हणाली. "चौदा वर्सां तेंनी तेवढाच जपलेला. आपलोच दोष शोधीत गेले."

मी उठलो. ती दारापर्यंत आली. नंतरच्या सर्व्हिसमध्ये मी बरंच पाहिलं, गोळीबारही पाहिला. पण परबचा हात धरून बसलेल्या त्या दहा मिनिटांइतका मी पुन्हा कधी भ्यालो नाही. नाईक सखाराम परब, मुक्काम कुडाळ. तुझं काही चुकलं नव्हतं रे. चुकलं ते माझं.