खसखशीचा खुलासा

वसुधाताई करमरकरांची आणि माझी पहिली भेट जपानमधल्या २०११च्या भूकंपानंतरच्या वसंतात झाली. टोकियोच्या फुनाबोरी भागातली बरीच मराठी कुटुंबं तेव्हा परत गेली होती. ताई कामगार कायद्याच्या सल्लागार. त्यांना भाषांतरासाठी माणूस हवं होतं. माझं शिक्षण साहित्याचं, हे मी सांगून टाकलं.

"बरं झालं. गाळलेली वाक्यं तरी दिसतील तुम्हाला," त्या म्हणाल्या.

काम कंटाळवाणं होतं. अमेरिकेतल्या कंपन्या तिथल्या एखाद्या राज्याच्या कायद्यावर बेतलेला नियम टोकियोत पाठवायच्या: कर्मचाऱ्यांची लघवी तपासा, अमली पदार्थ सापडला तर काढून टाका. तिथं प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. इथं सबळ कारण आणि कर्मचाऱ्याची संमती लागते. ताई दर वेळी हे पहिल्यापासून समजावत. त्यांचा आवाज चढत नसे. थकवा मात्र दिसे.

एका दिवाळीनंतर पुण्याचा निखिल आला. ताईंच्या ओळखीतला इंजिनिअर, बायको मानसीसह इथंच राहणारा. कंपनीच्या तपासणीत अफूचा अंश निघाला होता. नोकरी जाणार होती, आणि व्हिसा नोकरीवरच होता.

"खरं सांग, काय घेतलंस?"

"ताई, सर्दीची गोळीसुद्धा नाही."

"मग खाल्लंस काय?"

"तुमचे अनारसे. अख्खा डबा. मानसीला एकही दिला नाही."

"हावरट," ताई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. अनारशांना खसखस त्यांनीच लावली होती, नेहमीसारखी भरपूर.

कंपनीच्या बैठकीत त्यांनी मनुष्यबळ विभागाच्या मोरी-सानांसमोर स्वतःच्या घरी उरलेले अनारसे ठेवले. "हे मी केले. खसखस अफूच्याच झाडाची. तुम्ही ज्या राज्याचा नियम उचललात, तिथं दुसरी तपासणी आणि कर्मचाऱ्याचा खुलासा यांशिवाय काढता येत नाही. ती कलमं तुम्ही गाळलीत. आणि संमती तर विचारलीच नाहीत."

मोरी-सानांनी प्रकरण कंपनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पुढे डॉक्टरांनी खुलासा मान्य केला. निखिलची नोकरी राहिली.

ताईंनी मात्र डबे वाटणं थांबवलं. "कुणाच्या पोटावर पाय नको," एवढंच बोलल्या.

यंदा त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. परवा पुन्हा तसाच एक नियम आला. त्यांनी चष्मा शोधला आणि वाचायला बसल्या.

त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभावं. ते सगळं असले नियम वाचण्यात जाऊ नये. या दिवाळीत निखिल आणि मानसी त्यांच्यासाठी अनारसे करणार आहेत. खसखस लावून.